काटक झाडांची रोपे बाटलीबाहेर येताच का मरतात?

आपल्या प्रश्नाचा गाभा मी समजलो तो असा. आपण रोपवाटिकेला जोडून टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या लहान तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवण्याची, छोटी प्रयोगशाळा सुरू केली आहे आणि कमी पाण्यावर तगणारी शोभेची झाडे, म्हणजे हॉवर्थिया, पांढऱ्या पट्ट्यांचे अगेव्ह, पिवळ्या काठाची सान्सेव्हिएरिया आणि ॲडेनियम, तीत वाढवायला घेतली आहेत. बाटलीत फुटवे भरपूर येतात. मात्र रोपे बाहेर काढून ट्रेमध्ये लावली की पहिल्या तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक रोपे वाळतात किंवा कुजतात. यावर आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: माध्यमात, म्हणजे बाटलीतल्या पोषक खाद्यात, बीएपी हे फुटवे आणणारे संप्रेरक किती घालावे आणि बाहेर काढल्यावर कोणते बुरशीनाशक वापरावे.

माझ्या मते आपली अडचण या दोन्हींपैकी एकीतही नाही. बीएपीचा तिच्याशी थोडा संबंध आहे आणि त्याकडे मी पुढे येईनच. मूळ गोष्ट अशी की, झाड दुष्काळात तगणारे असले तरी त्याचे बाटलीत वाढलेले रोप दुष्काळात तगणारे नसते. पाणी राखण्याची क्षमता त्याच्या पेशींत वारशाने आलेली असते, पण ती वापरण्याची वेळ बाटलीतल्या दमट हवेत त्याच्यावर एकदाही आलेली नसते. आपण मात्र ते बाहेर काढल्या दिवसापासून मोठ्या झाडासारखे वागवतो, किंवा घाबरून त्याच्या अगदी उलट, पाणथळ जागेतल्या झाडासारखे. दोन्ही रीतींनी रोप जाते.

पुढे मी जे आकडे देणार आहे ते सुरुवात करण्यासाठी आहेत. जात, एकाच जातीतला वाण, बाटलीच्या झाकणाची घट्टता, माध्यम गोठवणाऱ्या अगारचा कडकपणा, बाहेरच्या हवेतला ओलावा आणि वर्षातला काळ या सगळ्यांप्रमाणे ते बदलतात. त्यामागचे कारण कळले की स्वतःचे आकडे स्वतः ठरवता येतात, म्हणून कारणावर मी जास्त वेळ देणार आहे.

आधी एक साधी परीक्षा करून पाहावी. बाटलीतल्या अगेव्हच्या रोपाचे एक पान आणि शेडनेटमधल्या मोठ्या अगेव्हच्या लहान पिल्लाचे एक पान अशी दोन पाने तोडून कोरड्या कागदावर शेजारी ठेवावीत. पिल्लाचे पान दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तसेच राहते, फक्त तुटलेल्या कडेवर पापुद्रा धरतो. बाटलीतले पान काही तासांतच मऊ पडते, त्याच्या कडा आत वळतात आणि ते बोटात धरले तर ओल्या कागदासारखे लोळते. ही परीक्षा मी प्रत्येक नव्या जातीवर करतो, कारण रोप बाहेर काढण्याच्या लायकीचे झाले आहे की नाही हे पाहण्याचा याहून स्वस्त आणि प्रामाणिक मार्ग मला सापडलेला नाही.

फरक पडतो तो असा. बंद बाटलीत हवेतला ओलावा शंभर टक्क्यांच्या आसपास असतो. अशा हवेत पानावर मेणाचा थर नीट चढत नाही आणि पर्णरंध्रे उघडी राहण्याला सरावतात. कोरडी हवा लागली तरी ती वेळेवर मिटत नाहीत. शिवाय माध्यमात साखर असल्यामुळे रोपाला स्वतःचे अन्न तयार करण्याची फारशी गरज उरत नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत दिवे लागल्यानंतर थोड्याच वेळात कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की रोपाने ठरवले तरी ते फार अन्न बनवू शकत नाही. अगेव्ह आणि हॉवर्थियासारखी झाडे निसर्गात रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा ती मिटून पाणी वाचवतात. त्यांचा सारा काटकपणा या मिटण्यावर उभा आहे, आणि बाटलीत नेमकी हीच सवय लागायची राहून जाते.

मुळांचेही तसेच आहे. अगारमध्ये फुटलेल्या मुळांना मूळकेस फार कमी असतात आणि मूळ व खोड यांना जोडणाऱ्या वाहिन्या अनेकदा अपुऱ्या असतात. ही मुळे बाहेरच्या मिश्रणात बहुधा मरतात आणि रोप जगते ते त्यानंतर फुटणाऱ्या नव्या मुळांवर. मेलेली मुळे सतत ओल्या मिश्रणात राहिली की कूज तिथूनच सुरू होते. अशा वेळी बुरशीनाशकाने कूज काही दिवस पुढे ढकलली जाते, एवढेच.

म्हणून आपल्या प्रश्नात मला हवी असलेली एक माहिती नाही: रोपे नेमकी कोणत्या दिवसांत मरतात? पहिल्या चार-पाच दिवसांत पाने मऊ पडून, सुकून मेली असतील तर पान पाणी धरू शकले नाही असे समजावे; उपाय बाटलीच्या आत आणि पहिल्या आठवड्याच्या आर्द्रतेत आहे. दहाव्या ते विसाव्या दिवसादरम्यान बुडाशी तपकिरी होऊन, हलक्या हाताने ओढताच रोप वर येत असेल, तर जुनी मुळे मेली आणि नवी फुटण्याआधी मिश्रण फार ओले राहिले. उपाय मिश्रणात आणि पाण्याच्या वेळेत आहे. हे दोन मृत्यू एकमेकांच्या उलट आहेत. पहिला टाळण्यासाठी वाढवलेले पाणी दुसरा ओढवून आणते, आणि दोन्हींचा एकत्र हिशेब ठेवला तर यातले काहीच दिसत नाही.

आता झाडांच्या निवडीविषयी, कारण आपल्या यादीतल्या चारही झाडांना टिश्यू कल्चरची सारखी गरज नाही. हॉवर्थिया या कामाला उत्तम आहे: एरवी हळू वाढते, पिल्ले कमी देते, आणि बाटलीत मात्र खुलते. अगेव्हही चांगले. ॲडेनियमबाबत मी आपल्याला थांबायला सांगेन. त्याचा चीक सुरुवातीच्या तुकड्यांना त्रास देतो, फुगीर बुंध्याचे जे सौंदर्य लोकांना हवे असते ते बियांपासून वाढलेल्या रोपात सर्वांत नैसर्गिक येते, आणि विशिष्ट फुलाचा वाण हवा असेल तर बियांच्या रोपावर कलम बांधण्याची पद्धत सोपी आणि खात्रीची आहे. जे काम चाकूने आणि पट्टीने होते त्यासाठी लॅमिनार फ्लो, म्हणजे निर्जंतुक हवेचे कामाचे टेबल, अडवून ठेवू नये.

पिवळ्या काठाची सान्सेव्हिएरिया आणि पट्ट्यांचे अगेव्ह यांची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. अशा झाडांत दोन प्रकारच्या पेशी थरांनी एकत्र नांदत असतात: हिरव्या, आणि हरितद्रव्य बनवू न शकणाऱ्या. सान्सेव्हिएरियाच्या पानाचे तुकडे मातीत खोचले तर नवी रोपे साधी हिरवी निघतात, हे आपण पाहिले असेल. नवा कोंब थोड्याच पेशींतून उठतो आणि थरांची मांडणी मोडते. बाटलीतही हेच घडते. कोंब पानाच्या तुकड्यातून किंवा कॅलसमधून, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींच्या गोळ्यातून, उठला तर पट्टा टिकण्याची खात्री नाही. आधीच तयार असलेल्या बगलेतल्या डोळ्यातून फुटला तर टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. पट्ट्यांच्या अगेव्हची मागणी मोठी होती, फुटवे मंद येत होते, आणि मी बीएपी लिटरला 1 मिलिग्रॅमवरून 3 वर नेले. पाच आठवड्यांत बाटल्या फुटव्यांनी गच्च भरल्या आणि मला वाटले की काम साधले. पुढच्या दोन सबकल्चरमध्ये, म्हणजे फुटवे नव्या माध्यमावर हलवण्याच्या फेऱ्यांत, लक्षात आले की हे फुटवे बगलेतून नव्हे, बुडाशी जमलेल्या कॅलसच्या गाठीतून येत आहेत. काही साफ हिरवे होते, काही पूर्ण पांढरे. पांढरे बाटलीत साखरेवर सुंदर वाढत होते, पण हरितद्रव्यच नसल्याने बाहेर त्यांना जगणे शक्यच नव्हते. त्या मातृरोपापासून वाढवत आणलेली सगळी ओळ टाकून मला मातृरोपापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हापासून अशा वाणांत मी मंद पण बगलेतून येणाऱ्या फुटव्यांवर समाधान मानतो, बुडाची गाठ दर वेळी कापून टाकतो आणि रंग बिघडलेला फुटवा दिसताच त्याच दिवशी बाजूला काढतो.

यावरून बीएपीच्या प्रश्नाकडे येतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी तयार केलेले माध्यम आजही बहुतेक जण पहिल्यांदा वापरतात आणि ते योग्यच आहे, पण त्यात नत्र भरपूर आहे: अमोनियम नायट्रेट लिटरला 1650 मिलिग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट 1900 मिलिग्रॅम. पातळ पानांच्या, जोमदार वाढणाऱ्या झाडांना हे मानवते. कोरड्या जागेतल्या कित्येक झाडांत मात्र अमोनियमचा हा भार, जास्त सायटोकायनिन (बीएपीच्या गटातली संप्रेरके), मऊ अगार आणि बंद हवा एकत्र आली की कोंब काचेसारखे पारदर्शक, फुगीर आणि ठिसूळ होतात. असा कोंब पाण्याने भरलेला असतो आणि बाहेर जवळजवळ कधीच जगत नाही. आपल्या मेलेल्या रोपांपैकी काही बाटलीतच अशी झालेली असण्याची शक्यता मला दाट वाटते. बाटली उजेडासमोर धरावी. पानातून पलीकडचा प्रकाश पाणेरी दिसत असेल, तर ते रोप लावणीच्या मोजणीत धरूच नये.

मी हॉवर्थिया आणि अगेव्हसाठी लिटरला बीएपी 0.5 ते 1 मिलिग्रॅम आणि एनएए (ऑक्सिन गटातले संप्रेरक) 0.1 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतो, आणि वाढवायचे झाले तरी बीएपी 2 च्या पुढे सहसा नेत नाही. अमोनियम नायट्रेट निम्मे करून पाहण्यासारखे आहे. टीडीझेड हे फुटवे आणणारे दुसरे द्रव्य फार तीव्र आहे; त्याने फुटवे आखूड आणि गुच्छासारखे होऊन लांबत नाहीत, म्हणून या कामात मी ते टाळतो. दर पाच आठवड्यांनी एकाचे तीन झाले, तरी सहा फेऱ्यांत हिशेबाने एकाचे 729 होतात. नासधूस वजा करूनही तेवढा वेग छोट्या रोपवाटिकेला पुरतो. एकाचे दहा करण्याची घाई पुढे हार्डनिंगमध्ये, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावताना, व्याजासह वसूल होते. आठ-दहा सबकल्चरनंतर ओळ बंद करून मातृरोपावर परत जाण्याचा नियमही पाळावा, कारण फेऱ्या वाढतात तसा रोपांतला बदल वाढण्याचा धोकाही वाढतो.

तुकडे स्वच्छ करण्याबद्दल आपण विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मातृरोप दोन-तीन आठवडे छपराखाली ठेवून फक्त मुळाशी पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. हॉवर्थियाचा कोवळा फुलदांडा मातीपासून दूर असल्याने बुडाच्या तुकड्यापेक्षा किती तरी स्वच्छ असतो, आणि तो कापल्याने झाडही वाचते. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग एक टक्का सक्रिय क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ट्वीन या साबणासारख्या द्रवाचे दोन थेंब टाकून दहा ते बारा मिनिटे, आणि निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुणे, एवढे बहुधा पुरते. पाणीदार ऊती ब्लीचमध्ये लवकर मऊ पडतात, म्हणून वेळ वाढवण्याऐवजी तुकडा लहान घ्यावा. मर्क्युरिक क्लोराइड प्रभावी असले तरी विषारी आहे आणि त्याचे पाणी कुठे टाकायचे हा प्रश्न छोट्या जागेत सुटत नाही. मी ते सोडून दिले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा: मुळे फुटण्याची शेवटची फेरी. बहुतेक जण हार्डनिंग बाटलीबाहेर सुरू करतात. मी ते बाटलीतच, चार ते सहा आठवडे आधी सुरू करतो. या फेरीत माध्यमातले क्षार निम्मे करतो, बीएपी पूर्ण काढतो, आयबीए हे मुळे फोडणारे संप्रेरक लिटरला 0.5 मिलिग्रॅमपर्यंत ठेवतो किंवा मुळे आपसूक येत असतील तर तेही वगळतो. साखर लिटरला 30 ग्रॅमवरून 15 ग्रॅमवर आणतो आणि अगार 7 वरून 9 ग्रॅम करतो. उजेड वाढवतो. आणि सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे हवा खेळणारे झाकण: झाकणाला छोटे भोक पाडून त्यावर ऑटोक्लेव्हमधल्या दाबाच्या वाफेत टिकणारी, सूक्ष्म छिद्रांची चकती चिकटवली की जंतू आत येत नाहीत, पण बाष्प बाहेर जाते आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. जपानमधील टोयोकी कोझाई यांनी साखर पूर्ण वगळून, हवा आणि उजेड यांवर रोपे वाढवण्याची पद्धत विकसित केली, ती याच दिशेची पुढची पायरी आहे. तेवढे जाणे आपल्याला लगेच शक्य नाही आणि गरजेचेही नाही. साखर निम्मी आणि झाकण हवेशीर एवढ्यानेच पान बदलते. वर सांगितलेली पानाची परीक्षा या फेरीच्या आधी आणि नंतर केली, तर फरक हातालाच कळतो.

हवेशीर झाकणाने माध्यम लवकर आटते. म्हणून बाटलीत ते थोडे जास्त ओतावे आणि सहा आठवड्यांपुढे रोप आत ठेवू नये. नुसते झाकण सैल करून ठेवण्याचा सल्लाही दिला जातो. ते फक्त अखेरच्या दोन-तीन दिवसांत करावे, कारण साखर असलेल्या माध्यमावर बुरशी लगेच धरते.

माध्यमात पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून रोपांना दुष्काळाची सवय लावावी का, असा पुढचा विचार मनात येऊ शकतो. पीईजी 6000 पाण्याची ओढ वाढवून कोरडेपणाचा आभास निर्माण करते. पाण्यात साधारण 20 टक्के घातल्यास ही ओढ उणे 0.5 मेगापास्कलच्या जवळ जाते. वाणांची तुलना करायची असेल तेव्हा ते उपयोगी साधन आहे. पण त्याने अगार नीट गोठत नाही, मुळे खुरटतात, आणि पानाभोवतीची हवा तशीच दमट राहते. रोपवाटिकेतल्या कामासाठी मी ते वापरत नाही. त्याच ओघात हेही सांगतो की, टिश्यू कल्चरने झाड अधिक काटक होत नाही. मातृरोप जेवढे काटक, तेवढेच रोप. म्हणून मातृरोप निवडताना सर्वांत हिरवेगार झाड न घेता, पाणी तोडूनही ज्याने आकार राखला ते झाड घ्यावे.

बाहेर काढण्याच्या दिवशी कोमट पाण्यात मुळांवरचा अगार बोटांनी हळुवार सोडवावा. बारीकसा गोळाही राहू देऊ नये, कारण त्यातली साखर बुरशीचे खाद्य असते. तपकिरी मुळे कापून टाकावीत. त्यानंतर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या लिटरला एक ग्रॅम द्रावणात पाच मिनिटे बुडवणे योग्य आहे, पण त्यावर विसंबू नये. मग जाड पानांच्या रोपांसाठी, म्हणजे अगेव्ह व हॉवर्थियासाठी, मी एक गोष्ट करतो जी पातळ पानांच्या झाडांवर कधीही करणार नाही: रोपे दमट पण वारा नसलेल्या सावलीत, जाळीवर एक रात्र पसरून ठेवतो. मुळे धुताना-कापताना झालेल्या जखमा त्यात सुकून भरतात. ओल्या जखमेसह लावलेले रोप आणि जखम भरलेले रोप यांतला फरक पंधराव्या दिवशी ट्रेमध्ये स्पष्ट दिसतो.

मिश्रण दोन भाग परलाइट किंवा जाड धुतलेली वाळू आणि एक भाग कोकोपीट असे, उष्णतेने निर्जंतुक केलेले असावे. मुठीत दाबल्यावर गोळा बनून लगेच फुटावा आणि बोटांतून पाणी निघू नये, एवढाच ओलावा लावणीच्या वेळी पुरे. इथे एक भेद नीट लक्षात ठेवावा: पहिल्या आठवड्यात हवा दमट हवी, मिश्रण नव्हे. हवेतला ओलावा 85 ते 90 टक्के ठेवावा, पण तो ट्रेवरच्या झाकणाने किंवा प्लास्टिकच्या बोगद्याच्या भिंतींवर पाणी फवारून. पानांच्या बेचक्यात थेंब साचवून नव्हे. दुसऱ्या आठवड्यात रोज थोडा वेळ झाकण उघडत 75 टक्क्यांकडे यावे, तिसऱ्यात झाकण फक्त दुपारच्या कडक वेळेपुरते ठेवावे आणि चौथ्यात काढून टाकावे. सावलीही तशीच, आधी 75 टक्के आणि महिन्यानंतर 50 टक्के.

या काळात जुन्या पानांकडे पाहून निर्णय घेऊ नये. बाटलीतले पान बाहेर आल्यावर फारसे सुधारत नाही. ते झिजते, त्यातले पाणी आणि अन्न रोप वापरते, आणि टोकाकडून ते वाळत गेले तरी घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते मधले नवे पान. ते बाहेरच्या हवेत तयार झालेले असते, जरा आखूड, जाड आणि मंद तकाकीचे. हॉवर्थियात बोट फिरवले तर त्याची खर लागते. असे पहिले पान दिसले की नवी मुळे बहुधा फुटलेली असतात. तिथून पाण्याची रीत बदलावी: वरचा बोटभर थर सुकू द्यावा आणि मग एकदा भरपूर पाणी द्यावे. त्याआधी रोपाला तहानलेले ठेवले तर ते वाळते, आणि त्यानंतरही रोज शिंपडत राहिले तर कुजते.

सध्या आपल्याकडे तयार असलेल्या बाटल्यांपैकी हॉवर्थियाच्या काही बाटल्या घ्याव्यात, काचेसारखी झालेली रोपे आधीच वेगळी काढावीत आणि उरलेल्यांचे तीस-तीसचे दोन गट करावेत. एक गट नेहमीच्या रीतीने लगेच बाहेर काढावा. दुसरा पाच आठवडे निम्म्या साखरेच्या माध्यमावर, हवेशीर झाकणाखाली ठेवून मग वरील क्रमाने काढावा. दोन्ही गटांत रोज मेलेल्या रोपांची संख्या, मरण्याची रीत, म्हणजे वाळून की बुडाशी कुजून, आणि नवे पान दिसल्याची तारीख लिहावी. ते आकडे हाती आले की इथे कळवावेत. बीएपी बदलण्याची गरज उरली आहे का आणि किती, हे त्या नोंदींवरून मी आजच्यापेक्षा बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.